कर्ता कुठे गेला?

लेकीच्या अभ्यासात बापाने पडू नये. त्यातून बापाचं धुळ्याला पाच कंदीलजवळ हार्डवेअरचं दुकान असेल आणि लेक इंग्रजी घेऊन बीए करत असेल, तर मुळीच पडू नये. पण आमच्या दीदीला दुसऱ्याला मोठ्याने समजावून सांगितल्याशिवाय काही पाठ होत नाही, आणि त्यासाठी समोर माणूस लागतो. तिची आई कुकरकडे बोट दाखवून सुटते. माझी माय कानाने कमी ऐकू येतं म्हणून सुटते. हा त्रास तिला फक्त इंग्रजी सुरू झाल्यावर होतो, एरवी शेजारच्या वाड्यातली कुजबुज तिला शब्दन्‌शब्द ऐकू येते. उरलो मी आणि माझा धाकटा भैय्या. भैय्याला क्लास असतो. म्हणजे मीच.

यंदाच्या सेमिस्टरला 'नॉन-फायनाइट क्लॉज' हे प्रकरण आलं. क्लॉज म्हणजे उपवाक्य, एवढं मला माहीत होतं. दीदी म्हणाली, "पप्पा, क्रियापदाला काळ असतो आणि ते कर्त्याप्रमाणे बदलतं. आय गो, ही गोज, काल गेला तर वेन्ट. हे झालं फायनाइट. ज्याला काळही नाही आणि कर्त्याची पर्वाही नाही ते नॉन-फायनाइट." त्याचे चार प्रकार. टू लावलेलं, टू न लावलेलं, आयएनजीवालं आणि ईडीवालं. मी मान डोलावली. ग्राहक जीएसटीबद्दल बोलायला लागला की डोलावतो, तशीच.

दहावीला असताना जेरंड (नामासारखं वागणारं रूप) कोणता आणि पार्टिसिपल (विशेषणासारखं वागणारं) कोणता हे तिने रडून रडून पाठ केलं होतं. दोन्हींना शेवटी आयएनजीच, चेहरेपट्टी अगदी एक. आता तीच मला सांगते की हडलस्टन आणि पुलम या दोन पंडितांनी 2002 साली भलंमोठं व्याकरण काढलं आणि त्यात हा भेद मोडीत काढून दोघांना एकाच दावणीला बांधलं. मग दहावीला त्यावरून कापलेला मार्क परत कोण देणार? यावर दीदी म्हणाली, "पप्पा, मध्ये बोलू नका."

खरी गंमत पुढे होती. या नॉन-फायनाइट उपवाक्यांत कर्ता बहुतेक वेळा दिसतच नाही. 'आय वॉन्ट टू स्लीप.' झोपायचं कोणाला? मलाच, पण स्लीपच्या शेजारी मी कुठेही नाही. चॉम्स्की नावाच्या प्रोफेसरांनी तर या न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या कर्त्याला 'प्रो' असं नाव देऊन वाक्यात बसवून टाकला. तोंडाने उच्चारायचा नाही, पण तो तिथे आहे असं धरून चालायचं.

हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या घरात कर्ता असलेलं वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकलेलं नाही. "दळण आणायचंय." "गॅसचा नंबर लावायचाय." "नळ आला, टाकी भरायची आहे." कोणी? ते कोणी बोलत नाही. माय तर नळाचा पहिला आवाज ऐकला की अहिराणीत नुसतं म्हणते, "पानी भरानं शे." एवढं बोलून ती भिंतीकडे बघते, आणि मोटरचं बटण दाबायला मी उठतो. तो अदृश्य प्रो म्हणजे मीच, हे समजायला मला कोणा चॉम्स्कीची गरज पडली नव्हती.

दीदीने यातही शास्त्र काढलं. पीटर रोझेनबाम नावाच्या अभ्यासकाने 1967 सालीच नियम सांगून ठेवलाय म्हणे: गायब कर्ता शोधायचा असेल तर सगळ्यात जवळ जे नाम असेल ते धरायचं. 'आय परस्वेडेड भैय्या टू गो', म्हणजे जाणार भैय्या. जवळचा सापडतो! हा नियम मला फार आवडला. पुढच्या वेळी नळाला पाणी यायची वेळ झाली तसा मी हळूच पेपर घेऊन मागच्या खोलीत गेलो. बाहेरच्या ओट्यापाशी भैय्या एकटाच मोबाईल बघत बसलेला. जवळचा तोच.

स्वयंपाकघरातून दीदीच्या आईचा आवाज आला, "भैय्या, पप्पांनी मला काय कबूल केलं होतं रे?"

भैय्या मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "पाणी भरायचं."

मी पेपर ठेवला. टाकी भरून ओल्या पायांनी आत आलो तर दीदी वही उघडून तयारच होती. रोझेनबामचा नियम एका क्रियापदापाशी लंगडतो, ते म्हणजे 'प्रॉमिस'. 'आय प्रॉमिस्ड भैय्या टू गो' यात जवळचा भैय्या, पण जाणारा मी. जवळच्याला सोडून लांबच्याला पकडणारं क्रियापद. अपवाद म्हणून पुस्तकात ते एका ओळीत आटोपतात. ज्याच्यावर ते चालतं त्याला विचारा.

'मेक'चीही तीच तऱ्हा. 'शी मेड मी फिल द टँक' यात टू चालत नाही. पण तेच पॅसिव्ह केलं की 'आय वॉज मेड टू फिल द टँक', इथे टू हजर. म्हणजे करवून घेणारी समोर उभी असेपर्यंत टू गप्प, ती वाक्यातून बाजूला झाली की हा डोकं वर काढतो. या टूचं आणि माझं जमेल.

चॉम्स्कींच्या पत्नी कॅरल यांनी लहान मुलांवर असले प्रयोग करून 1969 साली ते छापले. बाहुलीच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि पोराला विचारायचं, 'इज द डॉल ईझी टू सी ऑर हार्ड टू सी?' बाहुली समोरच आहे, आपल्याला स्पष्ट दिसतेय, तेव्हा उत्तर 'ईझी'. पण बरीच लहान पोरं 'हार्ड' म्हणतात, कारण बघणारी बाहुलीच असं त्यांना वाटतं. दीदीने शेजारची इंग्लिश मीडियमची चिमुरडी बोलावली आणि बाहुलीला माझा रुमाल बांधला. पोरगी क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "हार्ड." मग ईझी करून दाखव म्हटल्यावर तिने रुमाल ओढून काढला आणि त्याला नाक पुसलं. माय इतका वेळ बहिरी होती, ती खुशीत म्हणाली, "आते दखास ना तिले!" म्हणजे आता दिसतं ना तिला! प्रयोग यशस्वी. रुमाल धुवायला.

याच धुळ्यात 1926 साली इतिहासाचार्य राजवाडे वारले. मराठी व्याकरणाच्या मुळाशी हात घालणारा माणूस, आणि लिहीन तर मराठीतच हा त्यांचा बाणा. राजवाडे संशोधन मंडळावरून जाताना मी हल्ली मनातल्या मनात हात जोडतो. त्यांचा बाणा मला दीदीच्या वहीमुळे कळला.

कारण मराठी अशा बाबतीत फार दिलदार. "पाऊस पडून चिखल झाला" म्हणा, पडणारा पाऊस, होणारा चिखल, दोन वेगळे कर्ते एका वाक्यात सुखाने नांदतात. "वांगी भाजता भाजता फोन वाजला" म्हणा, कोणाचं काही अडत नाही. हेच इंग्रजीत 'रोस्टिंग द ब्रिंजल्स, द फोन रँग' केलं की मास्तर लाल शाई काढतात, कारण शेजारी कर्ता फोन, म्हणजे वांगी फोनने भाजली. याला म्हणतात डँगलिंग पार्टिसिपल, लोंबकळणारा. थंडीत आमच्याकडे गच्चीवर तुरकाट्या पेटवून भरताची वांगी भाजली, तेव्हा दीदीने मला तशी वाक्यं करायला लावली. माझं वाक्य होतं: 'हॅविंग इटन द भरीत, द प्लेट वॉज वॉश्ड.' ती पोट धरून हसली. भरीत ताटाने खाल्लं म्हणे. भरीत-पुरी कोणी खाल्ली ते राहू दे, ताट कोणी घासलं हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. त्या वाक्यातही कर्ता नव्हताच.

पेपर चांगला गेला. पुढच्या सेमिस्टरला फोनेटिक्स आहे. कोणत्या उच्चाराला जीभ कुठे टेकते ते दीदीला प्रत्यक्ष बघायचंय, त्यासाठी तिने परवा माझ्याच दुकानातून टॉर्च नेली, आणि घरी आल्यावर म्हणाली, "तोंड उघडायचंय."