चालू नोकरी, चालू काळ

‘जरा यांच्याकडून शिका,’ असं मॅडम मला म्हणाल्या. सगळ्या वर्गासमोर. यांच्याकडून म्हणजे लाल पेनवाल्या गृहस्थांकडून. इंग्रजी संभाषणाच्या सरावाला ते माझ्या वाट्याला आले होते. विषय नोकरी, वेळ पाच मिनिटं. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

त्यांनी विचारलं, ‘व्हॉट डू यू डू?’ मी म्हटलं, ‘आय वर्क इन अकाउंट्स.’ झालं, पेनाचं टोपण निघालं.

‘आय ॲम वर्किंग म्हणा. नोकरी सुटली का तुमची?’

‘नाही.’

‘चालू आहे ना? मग काळसुद्धा चालू वर्तमानकाळच पाहिजे.’

यावर काय बोलणार? चालू काळ लागतो या क्षणाला, नाहीतर तात्पुरत्या कामाला. कुणी रजेवर गेलं म्हणून महिनाभर दुसऱ्याचं टेबल सांभाळत असाल, तर खुशाल ‘आय ॲम वर्किंग इन सेल्स धिस मंथ’ म्हणा. रोजच्या, कायमच्या कामाला साधा वर्तमानकाळ. म्हणून तर प्रश्न ‘व्हॉट डू यू डू’ असा येतो. ‘व्हॉट आर यू डुइंग’ला माझं खरं उत्तर होतं: तुम्हाला सहन करतेय.

मग माझी पाळी. ‘ॲण्ड यू, सर?’

‘आय ॲम क्लार्क.’

‘अ क्लार्क,’ मी हळूच म्हटलं.

‘अ कशाला? मी एकटाच बसलोय, दिसतंय की समोरच्याला!’

मागच्या बाकावरून हशा आला. त्यांना वाटलं, कौतुकच. खरं तर एकट्या माणसाचा पेशा सांगताना ते ‘अ’ किंवा ‘ॲन’ लागतंच, आणि कुठलं ते उच्चार ठरवतो, स्पेलिंग नाही. ॲन इंजिनिअर, पण अ युनिव्हर्सिटी लेक्चरर. अ मॅनेजर, पण ॲन एचआर मॅनेजर. नोकरीलाही चालतं, ‘अ जॉब’. ‘अ वर्क’ मात्र नोकरी या अर्थाने कधीच नाही, कारण वर्क मोजता येत नाही. त्यातून इंग्रजीचा खोडसाळपणा असा की पद एकाच माणसाचं असेल तर हे शेपूट गळतं: ‘शी वॉज इलेक्टेड चेअरपर्सन’. म्हणजे गृहस्थ अध्यक्ष असते तर निदान एका वाक्यात सुटले असते.

पुढे त्यांनी ठणकावून सांगितलं, ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स.’ वाक्यात दोन चुका, आवाज मात्र बिनचूक. पाहिजे होतं ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स’. किती काळ ते सांगायचं तर फॉर, कधीपासून ते सांगायचं तर सिन्स: सिन्स 2015. आणि नेमक्या याच वाक्याला मॅडम शेजारून गेल्या. त्यांना ऐकू आला तो आवाज. वरचं ‘यांच्याकडून शिका’ ते इथलं.

शब्दयोगी अव्ययांना आम्ही पोचलोच नाही. मालकासाठी वर्क फॉर, जागेला ॲट, खात्याला किंवा क्षेत्राला इन, हुद्द्याला ॲज, तेही ‘ॲज अ कॅशिअर’. साहेबाचं नाव घ्यायचं तर ‘आय रिपोर्ट टू’. टीचला अर लावला की टीचर होतो, म्हणून कुकला लावाल तर स्वयंपाकी जाऊन शेगडी हातात येते. स्वयंपाकी कुकच, कुकर ही वस्तू. आणि नोकरी गेली तर फायर्ड म्हणू नका, त्यात दोष तुमच्याकडे जातो. कंपनीनेच माणसं कमी केली असतील तर लेड ऑफ. मधल्या काळात ‘बिटवीन जॉब्ज’. घरी बसण्याला इतकं सभ्य नाव दुसरं नसेल.

पण मूळ दुखणं सरावाच्या पुस्तकाचं. त्यात चित्रं कुणाची? डॉक्टर, वैमानिक, आग विझवणारा. दिवसभर बिलं जुळवणाऱ्या बाईचं चित्र एकही नाही. स्टेथोस्कोप पाठ होतो, आणि ‘आय ॲम रिस्पॉन्सिबल फॉर चेकिंग इन्व्हॉइसेस’ हे स्वतःच्या कामाचं साधं वाक्य कुणी शिकवत नाही. फॉरनंतर ‘चेक’ नको, ‘चेकिंग’ हवं, हेही मग आपलं आपणच शोधायचं.