एका काचेच्या बिल्ल्याचा कुलवृत्तांत

माझा काचेचा बिल्ला गेल्या रविवारी एका अनोळखी गृहस्थांनी सायकलच्या मडगार्डाला रबराने बांधला आणि त्यांचा नातू ती सायकल मैदानभर फिरवून आला, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. बिल्ला माझा, रबर त्यांचे आणि सायकलमागे धावणारा मी, अशी कामाची वाटणी होती.

नोकरीनिमित्त प्रागमध्ये राहणाऱ्या माणसाने सुट्टीच्या दिवशी किल्ले आणि पूल पाहावेत अशी अपेक्षा असते. मी मात्र जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचे बाजार धुंडाळतो आणि अशाच एका बाजारात हा बिल्ला माझ्या गळ्यात पडला. तळहातात मावेल एवढी जाड गोल काच आहे. मागच्या बाजूने साच्यात दाबून तिच्यात पंख फुटलेले चाक खोलगट उमटवले आहे आणि त्यामागे चंदेरी थर दिला आहे, त्यामुळे पुढून पाहिल्यावर चाक काचेच्या पोटात तरंगताना दिसते. कडेला निकेलचा मुलामा दिलेले पितळी कडे, मागे दोन स्क्रू. रेडिएटरच्या जाळीवर मिरवण्यासाठीच हे केलेले असणार. कड्याची झाक किंचित पिवळसर आहे, म्हणजे निळसर चमकणाऱ्या क्रोमने १९३०च्या सुमारास निकेलला हुसकावण्यापूर्वीचा हा माल असावा, इतपत तर्क मी स्वतःच्या बळावर केला होता. अडले ते पुढेच. बिल्ल्यावर एकही अक्षर नाही.

अशी दाबीव काच म्हटली की आधी याब्लोनेत्स आठवते आणि नाव नसणे ही त्या काळच्या याब्लोनेत्सची रीतच होती. चेक देशाच्या उत्तर बोहेमिया भागातल्या या गावाला तिथले जर्मनभाषक रहिवासी गाब्लोन्झ म्हणत. आसपासच्या खेड्यांत काचेच्या कांड्या भट्टीत मऊ करून चिमट्याच्या साच्यात दाबायच्या. बटणे, मणी, खडे, जे मागाल ते त्यातून निघे. घासणारा वेगळा, रंगवणारा वेगळा, धातूचे कडे बसवणारा आणखी वेगळा, आणि हे सगळे गोळा करून परदेशी पाठवणारा निर्यातदार गावात बसलेला. त्याच्या नमुन्यांच्या पुठ्ठ्यावर आकडा असायचा, कारागिराचे नाव नव्हे, कारण नाव कळले तर गिऱ्हाईक थेट कारागिराच्याच दारात जाईल ही त्याची रास्त भीती. हाइनरिख हॉफमान यांच्यासारखा एखादा बडा उत्पादक आपल्या महागड्या काचेवर फुलपाखराची खूण उमटवी. माझे चाक त्या थाटातले नाही. पुढे १९३८ साली हा सगळा प्रदेश हिटलरने गिळला आणि युद्ध संपल्यावर जर्मनभाषकांना तिथून घालवून देण्यात आले. त्यांतल्या अनेकांनी बव्हेरियातल्या काउफबोयरनजवळ नोयगाब्लोन्झ नावाची नवी वस्ती वसवली आणि पुन्हा तोच धंदा मांडला. म्हणजे माझ्या बिल्ल्याचा जन्मदाखला असलाच तर तो कोणत्या देशात, कोणत्या भाषेत आणि कोणाच्या माळ्यावर पडला आहे, हे आधी ठरवावे लागते.

विक्रेत्यांना या कशाशीही देणेघेणे नसते. फ्रेंच काचकलावंत रने लालिक यांनी १९२५ साली सित्रोएन या मोटार कंपनीसाठी पाच घोड्यांचे काचेचे बोधचिन्ह केले, तेव्हापासून मोटारीवरची प्रत्येक काच त्यांच्याच घराण्यातली आहे अशी यांची श्रद्धा आहे. विकायला आणलेली काच लालिकची असते आणि तीच तुम्ही विकायला नेलीत तर बाटलीचे बूच ठरते.

अशा वातावरणात ते गृहस्थ मला भेटले. टोपीवर मोटार क्लबांचे इतके बिल्ले की टोपी एका बाजूला कलली होती, त्यामुळे मला वाटले, आता खरा जाणकार सापडला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, काच नाकाशी नेली आणि चक्क हुंगली.

"रिफ्लेक्टर," ते म्हणाले. "सायकलचा."

यावर चाक आहे, असे मी नम्रपणे निदर्शनास आणले.

"सायकलला चाके नसतात?"

"पण पंख?"

"उतारावर," ते म्हणाले.

शेजारच्या कार्ब्युरेटरवाल्याला हे सहन झाले नाही. चाक डावीकडे धावते आहे, म्हणजे वस्तू मार्च १९३९च्या आधीची आहे, असे त्याने जाहीर केले. कारण त्या महिन्यात जर्मन फौजांबरोबर प्रागमध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहने हाकण्याचा नियम आला, तोपर्यंत डावी बाजू होती. आमच्याकडे अजून डावीच आहे, असे मी म्हणालो, तेव्हा दोघांनीही माझ्याकडे करुणेने पाहिले. मी भारतातला आहे हे कळल्यावर गृहस्थ म्हणाले, "तुम्हाला तर आम्ही बांगड्या पाठवत होतो." हे मात्र खरे आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी याब्लोनेत्सच्या काचेच्या बांगड्या हिंदुस्थानात भरपूर येत. त्या भरून घेताना आपल्या एखाद्या पणजीने कारागिराचे नाव विचारले असेल, असे मला वाटत नाही. पणतू मात्र बिल्ल्याचे विचारत दारोदार फिरतो आहे.

मग चाचणी ठरली. रिफ्लेक्टरवर विजेरी मारली की उजेड परत येतो, तेव्हा उजेड आला की वाद मिटला. बिल्ला मडगार्डावर चढला, पण भर दुपारी विजेरीचा उजेड दिसेना, म्हणून गृहस्थांनी आपला ओव्हरकोट काढला आणि सायकलचे मागचे चाक, ते स्वतः, कार्ब्युरेटरवाला व मी असे चौघे त्याखाली शिरलो. कोटाला नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास होता. माझा गुडघा चेनला टेकून काळा झाला. बाहेरून कोणीतरी सायकलची किंमत विचारली, ती कार्ब्युरेटरवाल्याने आतूनच सांगितली. उजेड काही परतला नाही, कारण उजेड आल्या वाटेने परतवायला काचेची पाठ बारीक कोनांनी किंवा उंचवट्यांनी भरलेली असावी लागते आणि माझ्या बिल्ल्याच्या पाठीवर फक्त एक चाक आहे.

"सदोष माल," गृहस्थ बाहेर येत म्हणाले. "कारखान्याने नाकारलेला असणार." मग अंतर वाढवून पाहावे म्हणून त्यांनी नातवाला सायकलवर बसवले.

यात संताप कशाचा येतो, तर माणूस पुरता मूर्खही नव्हता. स्फटिकांमुळे जगाला ठाऊक झालेले डानिएल स्वारोव्स्की याच परिसरात १८६२ साली जन्मले, १८९५ साली ऑस्ट्रियातल्या वाटेन्सला गेले, आणि त्यांच्या कंपनीने पुढे रस्त्यांसाठी काचेचे रिफ्लेक्टर खरोखरच केले. एवढी माहिती पदरी असलेला माणूस "मला ठाऊक नाही" हे एक वाक्य मात्र उच्चारू शकत नाही, आणि हा आजार त्या मैदानावर साथीसारखा पसरलेला आहे. ज्याला विचारावे तो छातीठोकपणे काहीतरी ठरवून देतो, वर माझ्याच वस्तूवरून माझी परीक्षा घेतो. शिवाय परक्या देशातला माणूस म्हटल्यावर प्रत्येक वाक्य दोनदा, दुसऱ्यांदा मोठ्याने.

नातू परतला तेव्हा बिल्ला जागेवर होता, पण मागच्या एका स्क्रूचे पितळी नट मैदानात कुठेतरी पडले होते. गृहस्थ म्हणाले की तसेही ते मूळचे नव्हते. गवतात शोधून थकल्यावर मी जुन्या नटबोल्टांच्या दुकानापुढे उभा राहिलो. तिथे शेकडो डबे, प्रत्येकावर गाडीचे नाव: प्रागा, टाट्रा, वॉल्टर, लाउरिन आणि क्लेमेंट.

"कोणत्या गाडीसाठी हवे?" दुकानदाराने विचारले.

तेच तर शोधतो आहे, असे मी सांगितले.

"मग शोधून या," असे म्हणून त्याने माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला पुढे घेतले.