'एक ठाणेकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

आमच्या संस्थेची मंडळी दर आठवड्याला ठाणे खाडीच्या काठावरचं प्लास्टिक उचलतात, त्यावरच्या माझ्या पोस्टवर 'एक ठाणेकर' लिहितात, "रविवारी टी-शर्ट घालून प्लास्टिक उचलायचं, फोटो काढायचे, दोन दिवसांनी भरतीला तेच प्लास्टिक परत. याला संवर्धन म्हणत असाल तर नमस्कार." पुढे नाल्यांना जाळ्या का नाहीत, संस्थेच्या देणग्यांचा हिशोब कुठे, वगैरे.

मुद्दा मांडा ना साहेब, कोण नाही म्हणतंय, पण हा 'नमस्कार' कशाला? चिखलात गुडघाभर उतरलेल्या पोरांना घरात पंख्याखाली बसून टोमणे मारायचे ही कुठली पद्धत? फोटो जरा जास्त होतात, हे मान्य. तरुण मुलं आहेत, काढतात.

आता प्लास्टिक परत येतं म्हणे. अहो येणारच! माझं लहानपण चेंदणी कोळीवाड्यात गेलं, आजोबा खाडीत जाळं टाकायचे, घरात निवट्यांचं, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या माशांचं, कालवण असायचं, भरती काय असते ते आम्हाला कुणी प्रतिक्रियेत लिहून शिकवायची गरज नाही. तिवराची, म्हणजे खारफुटीतल्या झाडाची, मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात ती कधी जवळून बघितलीत? खालच्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो म्हणून झाड त्या मुळांतून हवा घेतं. ओहोटीला पिशवी तिथे अडकली, वर गाळ बसला की मुळं गुदमरतात, आणि कोवळं रोप असेल तर ते आडवंच होतं. म्हणजे मधल्या काळात जेवढं निघेल तेवढं काढायचं, परत आलं की परत काढायचं. तुम्ही घरात झाडू मारता तो उद्या कचरा होणार नाही म्हणून मारता का?

शिवाय दर आठवड्याला काठावर माणसं असली की रात्रीतून टाकलेलं बांधकामाचं डेब्रिज लगेच दिसतं. हायकोर्टानं २०१८ साली खारफुटीला आणि तिच्या भोवतीच्या ५० मीटरला संरक्षण दिलं, २०२२ साली ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली, सगळं छान, पण कागद काही काठावर उभा राहून ट्रकचा नंबर लिहून घेत नाही, ते आमची 'टी-शर्टवाली' मंडळीच करतात आणि तक्रारीला तेच फोटो लावतात. हो, तेच फोटो!

जाळ्यांचं पालिकेला विचारा, नाले आमच्या मालकीचे नाहीत. हिशोब संस्थेच्या ऑफिसात आहे, ज्याला खरंच बघायचाय तो येऊन बघतो.