रूब वॅडेलबद्दल फिरणारा तो फॉरवर्ड

माझा भाचा न्यू जर्सीत शाळेच्या बेसबॉल टीममध्ये पिचर आहे, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारा, डावखुरा. त्याला कोणीतरी "सगळ्यात येडा लेफ्टी" असा फॉरवर्ड पाठवला आणि पोरगं मला विचारतंय, मामा, हे खरंय का? फॉरवर्डमध्ये काय, तर फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स टीमचा जुना पिचर रूब वॅडेल आगीचा बंब दिसला की चालू मॅच सोडून पळायचा, कुत्र्याचं पिल्लू दाखवलं की त्याचं लक्ष उडून टीम हरायची, 1905 ची वर्ल्ड सिरीज (सीझनच्या शेवटची विजेतेपदाची लढत) त्याने पैसे खाऊन सोडली आणि शेवटी दारू पिऊन मेला. डोकं फिरलं वाचून.

बंबामागे धावायचं वेड त्याला होतं, मान्य. पण बेसबॉल रेफरन्स या वेबसाइटवर 1904 चे आकडे कोणालाही फुकटात दिसतात ते बघा ना. 46 मॅच सुरू केल्या, त्यातल्या 39 एकट्याने शेवटपर्यंत टाकल्या, 383 इनिंग, 349 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक टाकून बॅटर आउट). मधेच पळून जाणाऱ्याच्या नावावर 39 पूर्ण मॅच लागतील का? तो 349 चा आकडा ओलांडायला 1965 उजाडलं, सँडी कूफॅक्सने मोडला, तोही डावखुराच. आणि 1902 ते 1907 सलग सहा वर्षं अमेरिकन लीगमध्ये (तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी एक) सर्वात जास्त स्ट्राइकआउट याचेच, पिल्लू दाखवून काम भागत असतं तर एवढे बॅटर आउट झालेच नसते.

1905 ची बोंब तेव्हाही उठली होती, सिद्ध कोणी काही केलं नाही. तो ती सिरीज खेळला नाही त्याचं कारण सांगितलं गेलं ते असं, की टीममेट अँडी कोकलीची स्ट्रॉ हॅट फोडायच्या मस्करीत झटापट झाली आणि याचा डावा खांदा दुखावला. त्या सीझनला 27 मॅच जिंकलेला माणूस आहे हा.

पण सगळ्यात संताप येतो तो मरणाच्या थापेचा. तो प्यायचा, भरपूर प्यायचा, त्यावरून सस्पेंडही झालाय. पण मेला क्षयाने. 1912 मध्ये केंटकीतल्या हिकमनला मिसिसिपीला पूर आला, तेव्हा रूब तिथे आपल्या तेव्हाच्या मॅनेजरच्या घरी राहत होता. गाव वाचवायला बर्फासारख्या पाण्यात तासन् तास उभं राहून वाळूची पोती रचत होता. त्यातून न्यूमोनिया झाला, तब्येत परत धड झालीच नाही, मग क्षय, आणि 1 एप्रिल 1914 ला सॅन अँटोनिओत गेला. वय 37. दुसऱ्यांच्या घरांसाठी पाण्यात उतरलेल्या माणसाला बेवडा म्हणून संपवून टाकायचं, ते पण शाळेतल्या पोरांना पाठवायच्या मेसेजमध्ये!

त्याला अमुक मानसिक आजार होता वगैरे शेवटी लिहिलंय ते सोडाच, शंभर वर्षांनी फोनवर बसून निदान होत नसतं.

हां, ॲथलेटिक्सचा मॅनेजर कॉनी मॅक याने वैतागून त्याला 1908 च्या सीझनआधी सेंट लुइस ब्राउन्सला विकला, एवढं बरोबर लिहिलंय. पुढचं गाळलंय. त्याच जुलैत रूब मॅकच्याच ॲथलेटिक्ससमोर उभा राहिला आणि एका मॅचमध्ये 16 जणांना स्ट्राइकआउट केलं.