भागीचं घोडं आणि लॅक्स्टनच्या खुंट्या

गायरान असो, गावतळं असो की सोसायटीचा जिना, विषय निघाला की कुणीतरी 'भागीचं घोडं किवणानं मेलं' ऐकवतंच. सामायिक म्हटलं की वाटोळं, हे आपण गृहीतच धरलंय. मला हे पटत नाही. घोड्याची पाठ कुणी, कधी बघायची हे ठरलेलं असेल तर भागीतलं घोडंही धडधाकट राहतं. इंग्लंडात नॉटिंगहॅमशायरमध्ये लॅक्स्टन नावाचं गाव आहे. मध्ययुगातली खुल्या शिवारांची शेती तिथं आजही चालू आहे.

वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशी तीन मोठी शिवारं. आत कुंपण नाही की बांध नाही. जुन्या पद्धतीत एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड. दर वर्षी पाळी पुढे सरकते. (आता पडीच्या जागी चाऱ्याचं पीकही घेतात.) प्रत्येक कुळाच्या पट्ट्या तिन्ही शिवारांत विखुरलेल्या असतात, आणि त्यात शहाणपण आहे. सगळी जमीन एकाच शिवारात आली तर पडीच्या वर्षी त्या घरानं खायचं काय? शिवाय चिकट तांबडी माती आणि त्यातल्या त्यात बरी माती सगळ्यांच्या वाट्याला येते.

पट्टी लांबोडकी का, याचं उत्तर औतात आहे. बैलांची लांबलचक जोडणी वळवायला जागा लागते आणि वेळही जातो, म्हणून वळणं जितकी कमी तितकं बरं. नांगराच्या एका तासाची, म्हणजे सरीची, लांबी तो फर्लांग, म्हणजे २२० यार्ड. एक फर्लांग लांब आणि २२ यार्ड रुंद (क्रिकेटची खेळपट्टी लांबीला असते तेवढी) म्हणजे झाला एक एकर. आजच्या पट्ट्या त्याहून रुंद आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच लहान पट्ट्या एकत्र केल्या गेल्या.

आता खरी गोष्ट. बांधच नाही, तर बांध कोरणारा कसा सापडायचा? दर साली एक तास शेजाऱ्याच्या बाजूला सरकवलं तर डोळ्यांना कळत नाही. दहा वर्षांनी मात्र अख्खा वाफा गेलेला असतो. कधी नांगर रस्त्यात शिरतो, कधी पाणथळ कुरण खातो. या कुरणांना तिथं 'साइक' म्हणतात आणि त्यांच्या गवताचा दर वर्षी लिलाव होतो. यावर तोडगा म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीस, गहू उगवून तासं स्पष्ट दिसायला लागली की, बारा जणांची जूरी आणि त्यांचा फोरमन त्या वर्षीच्या गव्हाच्या शिवारात चालत फिरतात. पट्ट्यांच्या हद्दीवर लाकडी खुंट्या ठोकतात आणि कोण कुठं सरकलाय ते टिपून घेतात. आठवड्याभरात डव्हकोट इन या पबात 'कोर्ट लीट', म्हणजे गावचं जुनं कोर्ट बसतं, दंड होतात, पुढच्या वर्षीची जूरी नेमली जाते. दंडाची रक्कम फुटकळ. पण शेजाऱ्यांसमोर नाव पुकारलं जाणं फुटकळ नसतं. १९७७च्या कायद्यानं असल्या जुन्या कोर्टांचे अधिकार काढून घेतले, लॅक्स्टनचे तेवढे ठेवले.

बाकीच्या इंग्लंडचं काय झालं? १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटनं पाच हजारांवर कायदे करून ६८ लाख एकर जमीन कुंपणाआड घातली. पद्धत ठरलेली: अर्ज, आयुक्त, मोजणी, निवाडा, मग ज्यानं त्यानं आपल्या वाट्याला ठरल्या मुदतीत कुंपण घालायचं. कुंपणाच्या काटेरी हॉथॉर्नची रोपं, चर, वकील, मोजणीदार, सगळा खर्च ज्याच्या त्याच्या माथी. चार-पाच एकरवाल्याला तो झेपेना, त्यानं वाटा विकला. ज्याची गाय केवळ रिवाजानं चरत होती, कागदावर हक्क नव्हता, त्याच्या हाती बहुधा काहीच लागलं नाही. उत्पादन वाढलं हे खरं. पण सामायिक जमीन उजाड पडली होती म्हणून ती वाटून टाकली, हे मात्र मला मान्य नाही. कुणी किती गुरं सोडायची, कधी सोडायची याचे नियम गावोगाव होते, आणि मोडणाऱ्याला दंडही.

जाता जाता: लॅक्स्टनचा पट्टीन् पट्टी दाखवणारा १६३५चा नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. तेव्हा गावाचा मालक होता सर विल्यम कोर्टीन, लंडनचा व्यापारी. त्याच वर्षी डिसेंबरात चार्ल्स राजानं ईस्ट इंडिया कंपनीच्या नाकावर टिच्चून कोर्टीनच्या मंडळीला पूर्वेच्या व्यापाराचा परवाना दिला, आणि १६३६ साली त्यांची जहाजं गोव्याला लागली.

गावाचे मालक पुढेही बदलत राहिले. १९५२ला कृषी मंत्रालय, १९८१ला क्राउन इस्टेट, २०२०ला थोर्सबी इस्टेट, म्हणजे १९५२च्या आधीच्या मालकांचेच वारस. मालक कोण, याची मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी जूरीची वाटते. तिला बारा माणसं लागतात, तीही तिथंच शेती करणारी. आणि शेतं मोठी, कुळं थोडी हा ओघ लॅक्स्टनलाही चुकलेला नाही.