किती दिवसांपासून घेता?

दोन वर्षांपूर्वी आई पहिल्यांदा आमच्याकडे इंग्लंडमधल्या लेस्टरला आली, तेव्हा चौथ्या दिवसापर्यंत तिचे पोट साफ झाले नव्हते. लांबचा प्रवास, थंडीमुळे कमी झालेले पाणी आणि कळण्याच्या भाकरीऐवजी पानात आलेला ब्रेड, एवढी कारणे मला पुरेशी वाटली. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी ती असती तर रात्री कोमट पाण्याबरोबर सोनामुखीचे चूर्ण घेऊन झोपली असती, म्हणून मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात जाऊन सेन्नाच्या, म्हणजे त्याच सोनामुखीच्या गोळ्या मागितल्या. फार्मासिस्ट बाईंनी पाकीट काढण्याआधी विचारले की गोळ्या कुणासाठी, वय किती, त्रास किती दिवसांचा, शौचातून रक्त जाते का, वजन उतरले आहे का आणि दुसरी कोणती औषधे चालू आहेत. शेवटच्या प्रश्नासाठी मी घरी फोन लावून आईला तिच्या डब्यातल्या गोळ्यांची नावे वाचायला लावली. त्यात लोहाची गोळी निघाली. तीच पोट आवळून धरत असावी, असे त्या म्हणाल्या आणि सोनामुखीऐवजी पाण्यात विरघळवून घ्यायची मॅक्रोगोलची पाकिटे त्यांनी दिली. हे आतड्यातले पाणी धरून ठेवून मळ मऊ करणारे औषध आहे, सोनामुखीसारखे आतड्याला चाळवणारे नाही, हेही त्यांनी समजावले. या सगळ्याला पाच मिनिटे लागली असतील.

ही पाच मिनिटे मला पुन्हा आठवली ती गावाकडच्या मंडळींची एक चर्चा वाचताना. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कोणती औषधे विकू द्यावीत याची स्वतंत्र यादी भारतात असावी का, आणि त्यातली काही किराणा दुकानातही ठेवू द्यावीत का, यावर गेली काही वर्षे सरकारी समित्यांमध्ये आणि वर्तमानपत्रांतून खल चालू आहे. औषध विक्रेत्यांच्या संघटनांचा किराणा दुकानांना विरोध आहे. आमच्या गावातले मत दोन्हीकडे वाटले गेले आहे. एका बाजूचे म्हणणे असे की साध्या जळजळीच्या गोळीसाठी मजुराने रोज बुडवून तालुक्याला जाणे आणि डॉक्टरांची फी भरणे हा अन्याय आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की आपल्याकडे आधीच सगळे मोकाट आहे, परदेशासारखे कडक नियम हवेत. परदेशाचे नाव निघाले की माझ्याकडे साक्षीदार म्हणून पाहिले जाते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझी साक्ष दुसऱ्या बाजूला वाटते तितकी सोयीची नाही. जी आम्लरोधक गोळी भारतात कागदोपत्री चिठ्ठीशिवाय देता येत नाही, तीच ब्रिटनमध्ये कमी ताकदीत आणि लहान पाकिटात कोणालाही विकत मिळते. ओमेप्राझोल आणि पँटोप्राझोल ही जठरातले आम्ल रोखणारी दोन्ही औषधे भारतात शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीच्या यादीत आहेत. आमच्या गावातल्या मेडिकलवर ती कशी विकली जातात हे सर्वांना माहीत आहे. ‘माले गॅसनी गोयी दे रे भाऊ’ एवढे म्हटले की कात्री निघते, पट्टीतल्या चार किंवा सहा गोळ्या कापल्या जातात, कागदाच्या पुडीत बांधल्या जातात आणि दहा-वीस रुपयांत काम होते. कापलेल्या तुकड्यावर कधी औषधाचे अर्धे नाव उरते, कधी तेही उरत नाही. मुदत संपण्याची तारीख पट्टीच्या ज्या टोकाला छापलेली असते ते टोक बहुधा दुकानातच राहते. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोड छापणे सरकारने सक्तीचे केले, पण वेष्टन दुकानात आणि सुट्या गोळ्या घरात, अशा व्यवहारात त्या कोडाचा ग्राहकाला उपयोग होणे अवघड आहे. म्हणजे कायदा कडक आहे, व्यवहार मोकळा आहे, आणि दोघांच्या मधल्या जागेत विचारपूस करणारे कोणी नाही.

याची किंमत काय असते ते मी आमच्याच घरात पाहिले. आबांचे गुडघे दुखू लागले तेव्हा वेदनाशामक गोळीबरोबर पोटाला त्रास होऊ नये म्हणून पँटोप्राझोल आणि मळमळ थांबवणारे डॉमपेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल लिहून दिली गेली. त्या वेळी ते योग्यच होते, कारण वेदनाशामक गोळ्यांनी जठराच्या आतल्या अस्तराला खरोखर इजा होते. गुडघ्याची गोळी चार महिन्यांत बंद झाली. कॅप्सूल मात्र सहा वर्षे चालली, कारण ती बंद करा असे कोणी सांगितले नाही आणि किती दिवसांपासून घेता असे कोणी विचारले नाही. युरोपातल्या औषध नियामकांनी २०१४ मध्येच डॉमपेरिडोनचा वापर मळमळ आणि उलटीपुरता, तोही सहसा आठवड्याभरापुरता मर्यादित केला, कारण हृदयाच्या लयीवर त्याचा परिणाम होऊ शकतो, आणि साठीच्या पुढच्या माणसांत तो धोका अधिक असतो. आबा त्या वेळी सत्तरीकडे झुकले होते.

मध्यंतरी एका दिवाळीनंतर त्यांनी स्वतःहून कॅप्सूल सोडून पाहिली. चारच दिवसांत छातीत पूर्वीपेक्षा जास्त आग पडू लागली, आणि आता ही जन्माची सोबत झाली असे त्यांनी ठरवून टाकले. इथे औषधाचे काम समजून घेणे आवश्यक आहे. पाण्यात टाकताच फसफसणारे मीठ किंवा बाटलीतले पांढरे घट्टसर औषध ही अँटासिडे जठरात आधीच आलेल्या आम्लाला निवळवतात, म्हणून काही मिनिटांत बरे वाटते आणि काही वेळाने परिणाम ओसरतो. पँटोप्राझोलसारखी गोळी आम्ल उपसणारी पेशींतली मोटरच बंद करते, म्हणून ती जळजळ सुरू झाल्यावर नव्हे, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. मोटर महिनोन्महिने बंद राहिली की शरीर आम्ल वाढवण्याची तयारी करून बसते, आणि गोळी एकदम थांबवली की भारनियमन संपल्यावर सगळ्या विहिरींवरचे पंप एकाच वेळी सुरू व्हावेत तसे आम्ल उसळते. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांना पोटाचा काहीही त्रास नव्हता अशा निरोगी माणसांना आठ आठवडे ही गोळी देऊन थांबवल्यावर त्यांतल्या अनेकांना जळजळ सुरू झाली. आबांना झालेला त्रास बराचसा गोळी सोडल्याचा होता, आणि त्यावर उपाय म्हणून त्यांनी पुन्हा गोळीच धरली.

नंतर त्यांच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, थकवा वाढला, आणि तपासणीत बी-१२ जीवनसत्त्व फार कमी निघाले. अन्नातले बी-१२ सुटे व्हायला आम्ल लागते, त्यामुळे ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत त्याची कमतरता होऊ शकते. पण आमचे घर माळकरी, पूर्ण शाकाहारी आहे, आणि शाकाहारातही बी-१२ कमी मिळते, म्हणून सगळा दोष मी गोळीवर टाकणार नाही. सहा वर्षांत एकदाही ही तपासणी झाली नाही, हे मात्र मला अजून लागून राहिले आहे.

आमच्याकडे पोटाच्या प्रत्येक दुखण्याचे खापर तिखटावर फुटते. शेवभाजीची तर्री सोडा, काळा मसाला सोडा, भरतात मिरची घालू नका, असे सल्ले आबांना नातेवाइकांनी भरपूर दिले. तिखटाने काहींची जळजळ वाढते हे खरे, पण जठरातला व्रण तिखटाने होत नाही. बहुतेक व्रण हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जिवाणूने किंवा वेदनाशामक गोळ्यांनी होतात. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी ते दाखवून दिले, मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जिवाणूचे द्रावण स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला, आणि दोघांना २००५ चे नोबेल मिळाले. या जिवाणूची तपासणी शौचाच्या नमुन्यावर किंवा श्वासावर होते, आणि तो सापडला तर प्रतिजैविकांच्या एक-दोन आठवड्यांच्या उपचाराने बहुतेकांचा पिच्छा सोडतो. आबांना त्या सहा वर्षांत तर्री सोडायला दहा जणांनी सांगितले, ही तपासणी एकानेही सुचवली नाही.

आता ब्रिटनची दुसरी बाजू. इथेही ओमेप्राझोल सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक आहे, आणि वर्षातून एकदा तरी या गोळीची गरज तपासावी असे मार्गदर्शक सूचनांत असूनही ती तपासणी न होता वर्षे काढलेले शेजारी मला माहीत आहेत. डॉक्टरांची वेळ मिळायला इथे आठवडा-दोन आठवडे सहज जातात. आमच्या गावाहून तुम्ही सकाळी निघालात तर दुपारी अमळनेरला डॉक्टरांसमोर बसलेले असता, आणि हा फायदा आम्ही परदेशी आल्यावर गमावतो. इंग्लंडमधल्या लहान औषध दुकानांपैकी बरीच गेल्या काही वर्षांत बंदही पडली आहेत. तेव्हा इथले सगळे उचलून तिकडे न्या असे मी म्हणणार नाही.

मला उचलावेसे वाटते ते दुकानाच्या फळीवरचे पाच मिनिटांचे बोलणे, आणि पाकिटाचा लहान आकार. २०२० मध्ये ब्रिटनच्या नियामकाने सोनामुखी, बिसाकोडिल यांसारख्या आतड्याला चाळवणाऱ्या रेचकांवर बंधने घातली. साध्या दुकानात फक्त लहान पाकिटे ठेवायची, मोठी पाकिटे फार्मासिस्टच्या देखरेखीखाली द्यायची, बारा वर्षांखालच्या मुलांना सल्ल्याशिवाय द्यायची नाहीत. आमच्याकडे तीच सोनामुखी चूर्णाच्या डब्यातून अमर्याद मिळते, आणि आयुर्वेदिक आहे म्हणून रोज घेतली तरी बाधत नाही अशी समजूत आहे. वनस्पती तीच आहे आणि आतड्यावरचे तिचे कामही तेच आहे. जुलाब होत राहिले तर पाण्याबरोबर पोटॅशियम शरीरातून जाते, आणि मे महिन्यात ४५ अंशांना पोहोचणाऱ्या जळगाव-भुसावळच्या उन्हात म्हाताऱ्या माणसाला ते झेपत नाही. आमच्या आजीने शेवटची काही वर्षे चूर्णाशिवाय एक दिवस काढला नाही. इसबगोल त्या मानाने कितीतरी साधे, फक्त त्याबरोबर भरपूर पाणी प्यायला हवे, नाहीतर तेच घशात किंवा आतड्यात अडकते.

म्हणून किराणा दुकानाच्या वादात माझे मत असे आहे. साधी अँटासिडे आणि इसबगोल किराण्यात मिळायला माझी हरकत नाही. हजारापर्यंत वस्तीच्या गावांत अँटासिड, एरंडेल अशी काही घरगुती औषधे परवान्याशिवाय विकण्याची मुभा शेड्यूल केमध्ये, म्हणजे सवलतींच्या यादीत, आधीपासून आहे, आणि धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर तिचा उपयोग समजण्यासारखा आहे. आम्लाची मोटर बंद करणाऱ्या गोळ्या मात्र चौदाच्या अखंड पाकिटात, मेडिकलवरच मिळाव्यात, आणि पाकिटावर मराठीत ठळक लिहिलेले असावे की दोन आठवड्यांत बरे वाटले नाही तर डॉक्टरांकडे जा. अमेरिकेत चिठ्ठीशिवायच्या पाकिटावर चौदा दिवस आणि चार महिन्यांतून एकदाच, असे छापलेले असते. डॉमपेरिडोनची जोडगोळी चिठ्ठीशिवाय अजिबात देऊ नये.

यात मेडिकलवाल्याचा धंदा बुडतो असे मला वाटत नाही. आमच्या गावातल्या मेडिकलवाल्या भाऊंना प्रत्येक घरातली माणसे, त्यांची दुखणी आणि त्यांची उधारी पाठ आहे. लेस्टरच्या बाईंना माझ्या आईबद्दल सगळे विचारून घ्यावे लागले, भाऊंना त्यातले निम्मे आधीच माहीत असते. आमच्या गल्लीतले एक काका छातीत दुखते म्हणून सोडा पिऊन ओट्यावर बसून राहिले, गॅस आहे असे सगळेच म्हणत राहिले, आणि तो हृदयविकाराचा झटका होता हे धुळ्याला पोहोचेपर्यंत कळले नाही. ते वाचले, पण हृदयाचा बराच भाग निकामी झाला. घाम येतो का, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे जाते का, एवढे दोन प्रश्न सोड्याची बाटली देताना कोणी विचारले असते तर तीन तास वाचले असते.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी गावी होते. जळगावच्या एका डॉक्टरांच्या सल्ल्याने आबांची कॅप्सूल बंद करून साधी गोळी कमी ताकदीची केली, मग एक दिवसाआड, मग गरजेपुरती, असे करत तीन महिन्यांत ती सुटली होती. मधल्या काळात जळजळ झाली की ते अँटासिड घेत. ती उसळी काही आठवड्यांत ओसरेल असे आधीच सांगितलेले असल्याने या वेळी ते घाबरले नाहीत. जिवाणूची तपासणी करण्याआधी दोन आठवडे गोळी बंद असावी लागते, म्हणून ती शेवटी केली, आणि अहवाल चांगला आला. बी-१२ ची इंजेक्शने चालू आहेत. आखाजीच्या जेवणात आमरसाबरोबर खापराच्या दोन पुरणपोळ्या खाल्ल्यावर रात्री त्यांनी जळजळ होते म्हणून गोळी मागितली. मी मेडिकलवर जाऊन न कापलेली पट्टी मागितली तेव्हा भाऊंनी कात्री खाली ठेवून विचारले, ‘आबांनी पुन्हा सुरू केली का?’ मी नाही म्हटले. आबांनी त्या पट्टीवर बॉलपेनने पहिल्या गोळीची तारीख घातली आणि ती कपाटात ठेवली. परवा फोनवर विचारले, तेव्हा त्यातल्या अकरा गोळ्या शिल्लक होत्या.