गरम पाण्यात बुडवा, वर उभे राहा, झालं? त्या सोलच्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या महिन्याभरात तो मेसेज मला निदान दहा जणांनी पाठवलाय, भावकीच्या ग्रुपवर आला, गल्लीतल्या मंडळाच्या ग्रुपवर आला आणि आता तर पेशंटच मोबाईल पुढं धरून विचारतात, "दादा, हे खरं हाय का?" मेसेज थोडक्यात असा: टाचदुखी, फ्लॅट फूट (सपाट तळवा), गुडघे, कंबर, काहीही दुखू दे, ऑनलाइन चारपाचशेला मिळणारे हीट मोल्ड सोल, म्हणजे तापवले की पायाचा आकार घेणारे बुटात घालायचे सोल, बुटाच्या नंबरानं मागवा, गरम पाण्यात तीन मिनिटं बुडवा, बुटात घालून त्यावर सरळ उभे राहा, गार झाले की तुमच्या पायाचा साचा तयार. पहिल्या दिवसापासून दिवसभर वापरा. सगळ्या चपलाबुटांत चालतात, शुगरवाल्यांना उत्तम, लहान मुलांना घातले तर तळव्याची कमान कायमची तयार होते. डॉक्टरकडं हजारो रुपये घालवू नका.

मी कोल्हापुरात चौदा वर्षं हेच काम करतोय, पायाची मापं घ्यायची, सोलची शीट तापवायची, मोल्ड करायची, घासून बसवायची. धंदा बुडतो म्हणून बोलतोय असं कुणाला वाटलं तर वाटू दे, म्हणून आधी त्यातलं जे बरोबर आहे तेच सांगतो.

पैशाचा मुद्दा निम्मा खरा आहे. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली चार पावलं टाकताना टाचेत जी कळ येते, त्या साध्या टाचदुखीला तयार सोल आणि मापाचा महागडा सोल यांची तुलना करणारे अभ्यास झालेत आणि दोन्हींत फारसा फरक निघालेला नाही. त्यामुळं अशा पेशंटला मी स्वतःच आधी तयार सोल देतो, सोबत पोटरीचं आणि तळव्याचं स्ट्रेचिंग, आणि बहुतेकांची टाच वर्षभरात शांत होते. तिथं हजारो घालवायची गरज नाही, मान्य. पण "काहीही दुखू दे"ला हे लागू होत नाही.

आता "त्यावर सरळ उभे राहा". सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्यानं होतंय. फ्लॅट फूटचा माणूस पूर्ण वजन टाकून उभा राहिला की टाच बाहेर कलते, घोटा आत झुकतो आणि कमान खाली बसते, हाच तर त्याचा त्रास आहे, आणि नेमका त्याच अवस्थेत गरम सोल त्याच्या पायाखाली असतो. म्हणजे साचा निघाला तो बसलेल्या पायाचा, आणि तो आकार आपण पैसे देऊन बुटात घातला! मी पेशंटला खुर्चीत बसवतो, गुडघा काटकोनात, गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत, मग घोट्याच्या पुढचं हाड चिमटीत धरून पाऊल आतबाहेर हलवतो, हाड दोन्ही बाजूंना सारखं हाताला लागलं की तिथं थांबायचं आणि शीट गार होईपर्यंत तसंच धरून ठेवायचं. पेशंटनं मधेच फोन घ्यायला अंग वळवलं की पाऊल सरकतं, मग परत तापवा, परत धरा. उभं राहून करायचं झालंच तर मागं बसून टाच सरळ धरणारं कुणीतरी लागतंच.

आणि गरम पाण्याचं म्हणाल तर माझ्याकडची ईव्हीए, म्हणजे फोमसारख्या प्लास्टिकची शीट नीट मऊ व्हायला ओव्हनमध्ये 110 ते 130 अंश लागतात. पाण्यात वाकणारे सोल मिळतात, नाही असं नाही, पण जे पातेल्यातल्या पाण्यानं वाकतं ते अंगानं मऊच असतं, ऐंशी नव्वद किलोच्या माणसाखाली ते किती दिवस आकार धरणार? शीटचा कडकपणा वजन बघून आणि पाय बघून ठरवावा लागतो.

पाय बघून म्हणजे काय, तर पेशंटला उभं करून मी त्याच्या पायाचा अंगठा हातानं वर उचलतो. कमान वर आली तर पाय लवचिक आहे, त्याला आधार देता येतो. अंगठा उचलूनही कमान हललीच नाही तर पाय ताठर आहे, अशा पायाखाली कडक उंचवटा घातला की तो खड्यावर उभं राहिल्यासारखा टोचतो, तिथं पाय आहे तसा स्वीकारून मऊ सोल द्यायचा. मेसेजमध्ये दोघांना एकच सोल आहे. आणि चाळिशीपन्नाशीत एकाच पायाची कमान अचानक बसली, आतल्या घोट्यामागं सूज आहे, त्या एका पायावर चवडा टेकून टाच उचलता येत नाही, तर सोल मागवत बसू नका, तिथली शीर, म्हणजे टेंडन, निकामी होत असू शकते, हाडाच्या डॉक्टरकडं जा.

"बुटाच्या नंबरानं मागवा". शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत काम करणारा एक पोरगा आला, सोल आठ नंबरचा, सेफ्टी शूज आठ नंबरचा, तरी पायाच्या मधोमध भगभग. मोजून बघितलं तर त्याची बोटं लांब आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर सात नंबरवाल्याएवढं. सोलचा उंचवटा कमानीऐवजी चवड्याच्या हाडांखाली जाऊन दाबत होता, शिवाय बुटातला मूळचा सोल काढलाच नव्हता त्यामुळं टाच वर येऊन बुटातून निसटायची. सात नंबरचा सोल घेतला, पुढं बोटांपाशी जोड दिला, मूळचा सोल बाहेर काढला. माप टाच ते चवडा असंच घ्यायचं.

सगळ्या चपलांत चालतात, हेही नाही. सोलला टाच धरून ठेवणारा मागचा कडक भाग लागतो आणि आत जागा लागते. 2019 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं आपलं कोल्हापुरी पायताण मलाही जीव की प्राण आहे, पण त्याला मागं काही नाही, सपाट कातड्यावर सुटा सोल ठेवला की चार पावलांत सरकतो. घरात अनवाणी, बाहेर कोल्हापुरी, आणि सोल फक्त लग्नाच्या बुटात, अशानं गुण कसा येणार.

लहान मुलांची कमान सोलनं तयार होत नाही. लहानपणी तळवा सपाट असणं नॉर्मल आहे, पुढं बहुतेकांची आपोआप येते. 1989 साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला, त्यात तीन वर्षं खास बूट आणि सोल घातलेली मुलं आणि काहीच न घातलेली मुलं, दोघांचे पाय सारखेच सुधारले. पोरगं दुखतंय म्हणत नसेल तर त्याला खेळू द्या.

आता शुगर. इथं मला खरंच राग येतो. मंगळवार पेठेतल्या एक मावशी, पंधरा वर्षं शुगर, मुलानं प्रेमानंच सोल मागवला, पाणी उकळलं, आईला वर उभं केलं. त्या म्हणाल्या, "मला काय गरम लागलं न्हाई बाबा." लागणार कसं, तळवा बधिर होता. तिसऱ्या दिवशी मोज्याला डाग दिसला तेव्हा चवड्याखालचा फोड फुटलेला होता. जखम भरायला अडीच महिने गेले, ते थोडक्यात निभावलं म्हणायचं, कारण अशाच फोडापासून सुरू होऊन बोट काढायची वेळ येते. शुगरवाल्याला सोल देण्याआधी डोळे मिटायला सांगून 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवून बघायचा असतो, दोन मिनिटांचं काम. संवेदना नसेल तर गरम काहीही थेट पायाला लावायचं नाही, प्लास्टरचा साचा काढायचा, शीट त्या साच्यावर तापवून बसवायची, वर प्लास्टाझोटसारख्या मऊ फोमचा थर, खाली एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांचं रबर. आणि रोज रात्री तळवा आरशात बघायचा. पाय लाल, गरम, सुजलेला असेल आणि दुखत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

राहिलं "पहिल्या दिवसापासून दिवसभर". पहिल्या दिवशी एक तास, मग रोज तासभर वाढवत दोन आठवडे. काढल्यावर पायावर लाल वळ दिसला आणि अर्ध्या तासात गेला नाही तर तिथं सोल घासायला हवा. मीही पहिल्या फिटिंगला सगळं बरोबर बसवतो असं नाही, दहातले तीनचार जण परत येतात, ग्राइंडरवर दोन मिलीमीटर काढले की काम होतं. ऑनलाइनवाल्याकडं ते कोण करून देणार?

ज्यांनी आधीच मागवलेत त्यांनी टाकून देऊ नका, घेऊन या, लवचिक पाय आणि साधी टाचदुखी असेल तर तेच परत तापवून बसवून देता येतात का बघू. येताना रोजचे जुने बूट आणा, आणि धुऊन आणू नका, टाच कुठल्या बाजूनं झिजलीय ते मला बघायचं असतं.